चढावर बंद पडलेल्या स्कूटरच्या मालकांना खुलं पत्र

नमस्कार वि. वि.

पत्राच्या डोक्यावर 'सप्रेम' लिहायची आमच्या घरची रीत आहे. आज ते लिहवत नाही. 'वि. वि.' मात्र मुद्दाम लिहिलं आहे, कारण विनंती आहे आणि ती विशेष आहे: हे पत्र शेवटपर्यंत वाचा. फोनवर माझं एकही वाक्य तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. चौथ्या फोननंतर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून जे तुमच्याशी एकट्याशी बोलायचं होतं ते चारचौघांत बोलावं लागतंय.

तुमचं नाव, तुमच्या दुकानाचं नाव, शहर, यातलं काहीही मी लिहिणार नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल. दिवाळीच्या सुट्टीत सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला दोन दिवसांसाठी तुम्ही बॅटरीवरची स्कूटर भाड्यानं दिलीत. पहिल्याच दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती थीम पार्कमधल्या रॅम्पवर बंद पडली. संध्याकाळी तुमचा मेसेज आला, 'किरकोळ तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व.' तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. आणि मला बोलायचंय ते तुमच्या त्या 'किरकोळ' या शब्दाबद्दल.

नाना कोण हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. आमचा मुलूख कॅनॉलचा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले आणि पुढे विहिरीविहिरींवर विजेच्या मोटरा आल्या. त्या मोटरा जळायच्या आणि नानांच्या दुकानात यायच्या. चाळीस वर्षं त्यांनी बेलापुरात मोटर रिवाइंडिंग केलं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता त्यांचं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात कुणाचा ऊस वाळायला लागला की रात्री बारा वाजताही मोटर बांधून द्यायचे, आणि देण्याआधी ती स्वतः विहिरीवर जाऊन चालवून बघायचे. दुकानात रिकामी फिरवून दाखवून गिऱ्हाइकाच्या हातात मोटर त्यांनी कधी दिली नाही. 'रिकामी सगळीच फिरते, लोड घेते का ते बघायचं,' हे वाक्य आम्ही पोरांनी रोज ऐकलंय.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेच्या मणक्यात नस दबायला लागली. डॉक्टर त्याला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. हृदयाच्या जुन्या दुखण्यामुळे ऑपरेशनचा धोका नको असं ठरलं. या आजाराची एक खोड आहे. माणूस उभा राहतो, चालतो, हसतो, कुणाला वाटणारही नाही की याला काही झालंय. पण शे-सव्वाशे पावलं झाली की पोटऱ्यांत मुंग्या येतात, पाय लाकडासारखे होतात आणि बसावंच लागतं. पुढे वाकून पाच मिनिटं बसलं की पुन्हा शंभर पावलं मिळतात.

त्यामुळे नानांच्या डोक्यात आता बेलापूरचा वेगळाच नकाशा आहे, बसायच्या जागांचा. घरापासून किराणा दुकानाची पायरी अठ्ठ्याऐंशी पावलं. तिथून पाराचा कट्टा एकशे दहा. कट्ट्यावरून पुढे नदीकडे जायचं तर मध्ये बसायला काही नाही, म्हणून प्रवरा बंद. दर सोमवारी एका मित्राकडे जायचे, तेही बंद, कारण त्याच्या दारासमोरचा ओटा रस्तारुंदीत गेला. कुणाच्या घरचा दगडी ओटा तुटला की लोक रस्ता रुंद झाला म्हणतात. नानांचं गाव तेवढंच आखूड होतं.

माझा भाऊ पुण्यात असतो. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला दिवाळीत थीम पार्कला जायचं होतं, आजोबांना घेऊनच. त्याला कारण होतं. १९९३ साली नानांनी आम्हाला गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. ते पार्क १९८९ साली सुरू झालेलं, आणि आमच्या गल्लीत ते बघून आलेलं दुसरं घर नव्हतं. श्रीरामपूरहून एसटीनं मुंबई, मग खाडीतून लाँच. मला आठवतं ते पाळण्यांपेक्षा नानांचं बघणं. प्रत्येक पाळण्याखाली वाकून ते मोटर शोधायचे, किती एचपीची असेल त्याचा अंदाज बांधायचे आणि चालवणाऱ्याला विचारून खात्री करून घ्यायचे. ही गोष्ट ऐकून ऐकून नातीला पाठ झाली होती. तिच्या आजोबांनी तिला सांगून ठेवलं होतं की रोलर कोस्टरला मोटर फक्त वर जायला लागते. साखळी गाडीला ओढून माथ्यावर नेते आणि तिथं सोडून देते, पुढचं सगळं पृथ्वीचं काम. ती साखळी तिला नाना प्रत्यक्ष दाखवणार होते. पाळण्यात बसायची त्यांची इच्छाच नव्हती.

पार्क म्हणजे दिवसभरात काही किलोमीटर चालणं. आधी आम्ही साधी व्हीलचेअर न्यायची ठरवली, तर नाना म्हणाले, मी घरीच थांबतो. मला वाटलं संकोच आहे. दोन दिवसांनी ते आपणहून बोलले. 'ढकलणाऱ्याला जिथं थांबावंसं वाटेल तिथं मी थांबायचं. मला वाकून मोटर बघायची असली तर मागं वळून विचारायचं.' एवढंच बोलले. मग मी शोधायला लागले आणि तुमची जाहिरात सापडली: 'स्वतः चालवा, स्वतः ठरवा. पूर्ण चार्ज, पूर्ण तपासलेली गाडी, एक दिवस आधी घरपोच. शिकवून देऊ.' नवी गाडी घ्यायची तर लाखाच्या घरात जाते, दोन दिवसांसाठी तेवढं कोण घालेल? भाड्यानं मिळणं हाच आमच्यासारख्यांना रस्ता आहे, आणि तुमच्या धंद्याची गरज मला त्या दिवशी मनापासून पटली होती. ती आजही पटते, म्हणून तर हे पत्र इतकं लांब होतंय.

ही गाडी मुळात कशी जन्मली हे तुम्ही कधी वाचलंत का? १९६८ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ॲलन थीम नावाच्या माणसानं ती बनवली. त्याच्या घरातल्या एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता, चालणं अवघड झालं होतं. पुढे त्याची कंपनी झाली, जगभर अशा गाड्या निघाल्या. पण पहिली गाडी घरच्या माणसासाठी होती. तुमच्या दुकानातली कुठली गाडी तुम्ही तुमच्या आईला किंवा वडिलांना बसवून चढावर नेलीत, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आता बेलापूरकडे येते. राज्यात बेलापूर एक नाही. नवी मुंबईत एक आहे, सिडकोची कचेरी असलेलं, लोकलचं, सेक्टरांचं. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर 'बेलापूर' नावाचं स्टेशन आहे ते श्रीरामपूर शहरात आहे; शहर मोठं झालं तरी स्टेशनानं आमच्या गावाचं नाव सोडलं नाही. हा घोटाळा आम्हाला नवा नाही, म्हणून मी पत्ता देताना तालुका सांगते, जिल्हा सांगते, पिनकोड सांगते आणि वर 'नवी मुंबई नव्हे' असंही सांगते. तुम्हाला हे सगळं मी लेखी दिलं होतं. आमचा पिन ४१३ नं सुरू होतो, त्या बेलापूरचा ४०० नं. तीन आकडे वाचायचे होते.

आदल्या दिवशी दुपारी एक वाजता तुमच्या ड्रायव्हरचा फोन आला, 'मॅडम, सेक्टर कुठला?' मी म्हटलं, आमच्याकडे सेक्टर नाहीत, गल्ल्या आहेत. तो बिचारा खाडीकाठी उभा होता. त्याची चूक नव्हती, तुम्ही त्याच्या हातात अर्धा पत्ता दिला होता. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'बेलापूर म्हटलं की बेलापूरच समजणार ना.' आम्हीही बेलापूरच म्हणतो हो. त्या दिवशी तुमच्याकडून ठरल्या वेळेला आलेली गोष्ट एकच: उरलेले पैसे मागणारा मेसेज. तो सकाळी सातला आला.

या चुकीनं आमचा सरावाचा दिवस गेला. तुमच्या लेखी तो फक्त डिलिव्हरीचा उशीर असेल. नानांनी मात्र सकाळी अंगण झाडून घेतलं होतं. चार्जिंगसाठी पडवीत पंधरा अँपियरचं सॉकेट आहे का ते बघून ठेवलं होतं. आणि मला नंतर आईकडून कळलं, घरापासून नदीपर्यंत गाडीवर जायचं त्यांनी ठरवलं होतं, पार्कच्या आधी. दोन वर्षांनी प्रवरा बघायची होती.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या गेटवर तुमचा मुलगा गाडी घेऊन आला. वीसेक वर्षांचा असेल. त्यानं चावी फिरवली, हँडलवरचे सगळे हिरवे दिवे लागले. 'फुल आहे,' तो म्हणाला. वेगाचं बटण दाखवलं: एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. उजवा खटका पुढे, डावा मागे. दोन मिनिटांत शिकवणं संपलं. नानांनी विचारलं, 'चढावर कशी आहे?' तो म्हणाला, 'मस्त आहे, आजोबा.' त्यानं सही घेतली, पाच हजार अनामत मोजून घेतली आणि गेला. जाताना त्याला दुसरीकडे अजून दोन गाड्या पोचवायच्या होत्या. त्याला एक शब्दही बोलावंसं वाटत नाही. तुम्ही त्याला जेवढं शिकवलंत तेवढंच तो शिकवणार.

पुढचा एक तास मी विसरणार नाही, आणि तो तुम्हालाही सांगितला पाहिजे, कारण तुम्ही काय विकता ते त्या तासात मला दिसलं. सुरुवातीला नानांनी काटा कासवावर ठेवला. पार्कमधल्या सपाट रस्त्यावर आम्ही त्यांच्याबरोबर चालत होतो. मग नातीनं त्यांना डिवचलं, 'आजोबा, ससा.' त्यांनी काटा थोडा फिरवला आणि तिला पळावं लागलं. ती पुढे, ते मागे, मग ते पुढे. एका कारंज्यापाशी ते आपणहून थांबले, आम्हाला न विचारता. खाली वाकून पंपाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, 'बेअरिंग जाणार आहे याचं.' आई माझ्याकडे बघून हसली. चार वर्षांत पहिल्यांदा नाना आमच्यापुढे निघून गेले होते आणि आम्ही त्यांना शोधत होतो. तुमच्या भाड्यात हे येतं, मालक. या तासाचे पैसे मागितलेत तर मी आजही देईन.

मग रोलर कोस्टरकडे जाणारा रॅम्प आला. रॅम्प नियमातला होता, त्याची तक्रार नाही. बारा फूट लांबीला एक फूट चढ, असं ते प्रमाण असतं. आपल्या देशात असा रॅम्प कुणी खुशीनं दिलेला नाही. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन माणसानं २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, दिव्यांगांना रस्ते, इमारती, वाहतूक वापरता आली पाहिजे म्हणून. २०१५ च्या डिसेंबरात सरकारचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं, २०१६ साली दिव्यांग हक्कांचा नवा कायदा आला, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम हे नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. एकोणीस वर्षं लोक कोर्टात भांडले तेव्हा कुठे चढ इतका सौम्य असलाच पाहिजे यावर शिक्का बसतोय. त्या सौम्य चढावर तुमची गाडी सात फूट चढली.

आधी हिरवे दिवे गेले, मग पिवळा, मग लाल, हे सगळं चार-पाच सेकंदांत. एक लांब शिट्टी वाजली आणि गाडी जागच्या जागी थिजली. मी आणि भावानं मागून ढकलून बघितलं, चाकं हलेनात. मागे माणसांची रांग. एक बाई सौजन्यानं बाजूला झाल्या, एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, 'अशांना कशाला आणतात गर्दीत.' नाना गाडीवर बसून होते, दोन्ही हात हँडलवर, तोंड वर रोलर कोस्टरकडे. तिथून साखळीचा खडखडाट ऐकू येत होता, साखळी दिसत नव्हती.

चाकं का हलत नव्हती हे तुमच्या मुलानं सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. या गाडीला विजेवर चालणारा ब्रेक असतो. वीज असेपर्यंत तो सुटलेला राहतो आणि वीज गेली की आपोआप लागतो, म्हणजे चढावरून गाडी मागे घरंगळू नये. फार चांगली सोय आहे. पण बंद पडलेली गाडी ढकलायची तर मागच्या चाकाजवळचा एक खटका आधी फिरवावा लागतो. त्या खटक्याबद्दल आम्हाला कुणी बोललं नव्हतं. भावानं आणि तीन अनोळखी माणसांनी मिळून गाडी उचलली. तिचा मागचा प्लास्टिकचा पत्रा कठड्याला लागून तडकला. नाना उतरून उभे होते. उभं राहणं त्यांना पाच मिनिटांच्या वर जमत नाही. ते रॅम्पच्या कडेला फरशीवर बसले, स्वच्छ पांढऱ्या लेंग्यानिशी.

पार्कची माणसं व्हीलचेअर घेऊन धावत आली. त्यांचे आभार. ज्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून आम्ही तुमच्यापर्यंत आलो होतो त्याच खुर्चीत नाना बसले. त्यांना कुणी विचारलं नाही कुठे जायचं, आणि त्यांनीही सांगितलं नाही. साखळी बघायची राहिली. नात म्हणाली, आपण जाऊया ना आता, मी ढकलते. ते म्हणाले, 'पुढच्या वेळी.'

दुपारी सावलीत त्यांनी गाडीची सीट काढायला लावली. मला वाटलं वेळ जावा म्हणून. खाली दोन बॅटऱ्या होत्या, बारा-बारा व्होल्टच्या, एकामागे एक जोडून चोवीस केलेल्या. नानांनी चष्मा पुसला आणि बोट दाखवलं. एक बॅटरी एका कंपनीची, तिच्या टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर. दुसरी वेगळ्या कंपनीची, नवी कोरी. 'बसलेल्या बॅटरीला नवी जोडलीय,' ते म्हणाले. 'जोडीतला एक बैल थकलेला असला तर दुसरा कितीही ताजा असो, नांगर त्या थकलेल्याच्या चालीनं चालतो.' मग मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. गाडी उभी असताना व्होल्टेज मोजलं तर जुनी बॅटरीही जवळजवळ पूर्ण दाखवते. म्हणून गेटवर हिरवे दिवे लागले. मोटरनं चढावर जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज कोसळतं. सपाटीवर तासभर ती कशीबशी ओढत आली होती. हे त्या मुलाला माहीत नसेल. जुन्याला नवी जोडायचा निर्णय ज्यानं घेतला त्याला माहीत होतं, आणि एका बॅटरीचे पैसे ज्यानं वाचवले त्यालाही. ती दोन्ही माणसं तुम्हीच आहात असं मी समजते.

त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर मला जे बोललात त्यातली तीन वाक्यं मी वहीत लिहून ठेवली आहेत. पहिलं, 'तुम्ही फार फिरवली असेल.' एका तासात, कासवापासून अर्ध्या सशापर्यंत. दुसरं, 'दिव्यांगाचं सर्टिफिकेट आहे का तुमच्या वडिलांकडे?' नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. नाना त्यांत नाहीत आणि तेव्हा असायचं कारणही नव्हतं. सरकारी सवलतीला दाखला लागतो. तुमच्याकडे मी सवलत मागितली नव्हती, रोजचे अठराशे रुपये मोजले होते. पैसे घेताना तुम्ही दाखला विचारला नाहीत.

तिसरं वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. तुमचा मुलगा तुम्हाला सांगून गेला होता की आजोबा गाडीवर चढताना स्वतः उठून बसले. तुम्ही म्हणालात, 'उभे राहतात की ते, चालतात पण. मग एवढं काय झालं?' मालक, तुमच्याकडे येणारी निम्मी माणसं अशीच असणार. गुडघे गेलेली, दम लागणारी, नस दबलेली, हृदयाची. त्यांना उभं राहता येतं, चालताही येतं, पुरेसं चालता येत नाही. पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला माणूस थीम पार्कला गाडी मागवत नाही. आपलं गिऱ्हाईक कोण हे ज्याला ठाऊक नाही त्यानं हा धंदा करावा कसा? आणि ज्याला ठाऊक आहे आणि तरी असं बोलतो, त्याला काय म्हणावं हे आमच्या गावच्या भाषेत मला येतं. लिहीत नाही, कारण नाना हे पत्र वाचणार आहेत.

माझी मावशी मुलाकडे अमेरिकेत गेली होती तेव्हा तिच्यासाठीही अशीच गाडी भाड्यानं घेतली होती. तिकडे डिस्नेच्या पार्कांत गेटजवळच गाड्या मिळतात, जो आधी येईल त्याला. आणि बाहेरच्या दुकानांतूनही भाड्यानं आणता येतात. तिनं दुकानातून घेतली. दुकानदारानं तिला चावी देण्याआधी आवारात पाव तास फिरवलं, उतारावरून खाली आणि पुन्हा वर. तिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं. तरी मागच्या खटक्यापाशी तिचा हात नेऊन त्यानं तो दोनदा तिच्याकडून फिरवून घेतला. पाव तास लागतो, मालक. एवढा वेळ तुमच्याकडे का नसावा?

मला हे थीम पार्कापुरतं वाटत नाही. आमच्या जिल्ह्यात शिर्डी आहे, शनिशिंगणापूर आहे, नेवाशाला ज्ञानोबांचा पैस खांब आहे. बेलापूरच्या रस्त्यावरून रोज म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या गाड्या जातात. त्या गाड्यांत दर वेळी एखादी आजी असते, जी म्हणते, तुम्ही दर्शन घेऊन या, मी इथं बसते. अशी माणसं गाडीतच बसून राहतात आणि घरी आल्यावर प्रसाद खातात. तुमची चांगली, तपासलेली एक गाडी त्यांना आत घेऊन जाऊ शकते. म्हणून मला तुमचं दुकान बंद पडायला नको आहे. ते नीट चालायला हवं आहे.

आता पैशाचं. दोन दिवसांचं भाडं ३,६०० रुपये, आणि तडकलेल्या पत्र्यासाठी तुम्ही अनामतीतून कापलेले २,२०० रुपये. एकूण ५,८००. पावतीच्या तळाला तुम्ही छापलंय की कुठल्याही कारणानं रक्कम परत मिळणार नाही आणि तक्रार तुमच्याच शहरात करावी लागेल. ते तुम्ही छापलंत म्हणून कायदा होत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. माझा जिल्हा आयोग अहिल्यानगरला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी शाळेत शिकवते, मला अर्ज लिहिता येतो. बॅटऱ्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, दोन्ही कंपन्यांची नावं वाचता येतील असे. तुमचा 'किरकोळ' वाला मेसेजही आहे. पंधरा दिवस वाट बघते.

नानांना पैसे नको आहेत. हे पत्र लिहायला बसले तेव्हा ते म्हणाले, त्याला हे पाठव, आणि माझ्या वहीचं एक पान फाडून त्यावर पेन्सिलनं लिहून दिलं. ते तसंच उतरवते:

'दोन्ही बॅटऱ्या एका कंपनीच्या, एका महिन्यात घेतलेल्या असाव्या. एक गेली तर दोन्ही बदलाव्या. गाडी परत आली की त्याच रात्री चार्जिंगला लावावी, उतरलेली ठेवू नये, प्लेटा खराब होतात. टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन कोरडे करून ग्रीस लावावे. हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. ऐंशी किलोचा माणूस बसवून चढावर पाच खेपा कराव्या, मग मीटर लावून बघावे. पोराला मागचा खटका शिकवावा. गिऱ्हाइकाला घाई करू नये. जमत नसेल तर गाडी इकडे पाठवावी, मी बघून देईन.'

शेवटच्या ओळीवरून माझं आणि त्यांचं भांडण झालं. मी म्हटलं, ज्यानं तुम्हाला फरशीवर बसवलं त्याची गाडी तुम्ही दुरुस्त करणार? ते म्हणाले, गाडीनं काय केलंय.

गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीला घेऊन पुन्हा जायचं का, दुसरीकडून गाडी बघते. ते म्हणाले, बघू. चार वर्षांत मी त्यांची 'बघू' ओळखायला शिकले आहे. नदीची 'बघू' अशीच होती. त्या रॅम्पवर तुमची बॅटरी उतरली, मालक, आणि त्यांची हिंमतही. बॅटरी तुम्ही नवी आणाल.

गाडी पाठवणार असाल, किंवा पैसे, किंवा नुसती माफी, तर पत्ता पुन्हा देते. नीट उतरवून घ्या. बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर. पिन ४१३ नं सुरू होतो. किराणा दुकानाच्या पायरीपासून अठ्ठ्याऐंशी पावलांवर घर आहे, पडवीत पंधरा अँपियरचं सॉकेट आहे. इथं सेक्टर नाहीत.

आपली,
नानांची मुलगी